कपाळावरचा दिवा की हँडलवरचा? सायकल कॅम्पिंगसाठी दोन दिव्यांचा हिशेब

डिसेंबरात रेवस-रेडी सागरी मार्गाने तंबू घेऊन निघालात, तर संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि दुसऱ्या दिवशी सातच्या आसपास वर येतो. म्हणजे जवळजवळ १३ तास अंधार. त्यात दाभोळला किंवा वेसवीला फेरीबोटीसाठी रखडलात की शेवटचे दहा-बारा किलोमीटर दिवा लावूनच कापावे लागतात, आणि मग तंबू ठोकणं, भात शिजवणं, झालंच तर पंक्चर काढणं, हेही सगळं अंधारात. अशा वेळी हमखास निघणारा विचार म्हणजे, ‘एकच जबरदस्त हेडलॅम्प घेऊ, रस्त्यावरही तोच आणि तंबूतही तोच. तेवढंच वजन वाचेल.’

वजन फारसं वाचत नाही, उलट कपाळावरचं वाढतं. शिवाय असा दिवा दोन्ही कामं अर्धवट करतो. कपाळाला बांधायचा दिवा आणि हँडलला लावायचा दिवा दुकानात शेजारी शेजारी टांगलेले असतात, दोघांच्या खोक्यावर लुमेनचे (दिवा एकूण किती उजेड देतो त्या मापाचे) आकडेही सारखेच दिसतात. पण त्यांची कामं जवळजवळ उलटी आहेत.

रस्त्यावर लांबचं दिसायला हवं. सपाटीवर ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सात मीटर. खड्डा दिसून बोटं ब्रेकवर पोचेपर्यंत दहा मीटर गेलेले असतात, आणि लादलेली सायकल थांबेपर्यंत आणखी आठ-दहा. म्हणजे २० मीटरवरचा खड्डा स्वच्छ दिसला पाहिजे. उतारावर ताशी ४० चा वेग असेल तर हे अंतर दुप्पट धरा. मुक्कामाला पोचल्यावर मात्र जे काही बघायचं ते हाताच्या अंतरात: खुंटीचं टोक, स्टोव्हची ज्योत, ट्यूबमधलं बारीक भोक. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात पातळ होतो. त्यामुळे २० मीटरसाठी आखलेला झोत अर्ध्या मीटरवर पडला की १६०० पट तीव्र होतो. अशा उजेडात नकाशा उघडला तर अक्षरं सोडून फक्त कागदाची झळाळी दिसते आणि मान वर केली की पाच मिनिटं पुढचं काही सुधरत नाही.

सावली हवी की नको

खरा फरक इथे आहे, आणि दुकानात उभं राहून तो कळत नाही.

दिवा डोळ्यांच्या चार बोटं वर असला की प्रत्येक वस्तूची सावली बरोबर तिच्या मागे, आपल्या नजरेआड पडते. टायर लिव्हर घालून टायर उचकताना हेच हवं असतं. आपल्याच हाताची सावली कामावर येत नाही, मान जिकडे तिकडे उजेड. पण रस्ताही तसाच दिसतो, म्हणजे सपाट. खड्ड्याला खोली राहत नाही, डांबरावरचा एक जरा गडद डाग उरतो, आणि तो ओलावा आहे की चार बोटं खोल भगदाड हे चाक त्यात गेल्यावरच कळतं. हँडलवरचा दिवा डोळ्यांपेक्षा अर्धा-पाऊण मीटर खाली असतो. त्याच्या तिरक्या उजेडात खड्ड्याच्या अलीकडच्या काठाची काळी सावली आत पडते आणि वरून बघणाऱ्या डोळ्याला ती सावली आधी दिसते. दिवा आणखी खाली, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुभागी दांड्याच्या) मुकुटावर लावला तर सावल्या अजून लांबतात. इतक्या, की सुरुवातीला प्रत्येक खडी धोंड्यासारखी वाटते. दोन रात्रींत सवय होते.

धुक्यात तर कपाळावरचा दिवा जवळपास निरुपयोगी. आंबोलीच्या घाटात ढग रस्त्यावर उतरलेला असतो तेव्हा डोळ्यांशेजारून निघालेला प्रकाश थेंबांवर आपटून सरळ डोळ्यांतच परत येतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. ट्रकने उडवलेल्या लाल मातीच्या धुरळ्यातही तेच होतं. थंडीत चढावर धापा टाकताना स्वतःच्याच उच्छ्वासाची वाफ उजळून निघते, ते वेगळंच. दिवा खाली असला की परतणारा प्रकाश निदान थेट नजरेच्या रेषेत येत नाही.

आणि समोरच्याचे डोळे? हँडलवरचा दिवा एकदा रस्त्याकडे कलता केला की तिथेच राहतो. कपाळावरचा आपण जिकडे बघू तिकडे जातो, आणि समोरून गाडी आली की आपण तिच्याकडेच बघतो. जर्मनीत सायकलच्या दिव्याला मान्यता लागते आणि अशा दिव्यांचा झोत वरच्या बाजूला आडवा कापल्यासारखा असतो, तो याचसाठी. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी (ब्रेव्हे), करणाऱ्यांना यातलं काही नवीन नाही. ब्रेव्हेच्या नियमांत पुढचा आणि मागचा दिवा सायकललाच पक्का बसवलेला लागतो. १८९१ मध्ये सुरू झालेल्या आणि आता १२०० किलोमीटरची ब्रेव्हे असलेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसलाही तोच दंडक. हेल्मेटवर जादाचा दिवा लावा खुशाल, पण तो हँडलच्या दिव्याऐवजी नाही.

जादाचा म्हणून त्याचा उपयोग आहेच. हँडलवरचा दिवा चाकाचं तोंड असेल तिकडे बघतो. घाटाच्या तीव्र वळणावर तो सरळ दरीत उजेड पाडत असतो आणि आपल्याला हवी असते वळणापलीकडची बाजू. तिथे डोकं वळवून बघता येतं. गावाच्या फाट्यावरची पाटीही कपाळावरच्या दिव्यानेच वाचता येते. अशा वेळी मंद झोतावर ठेवा, समोरून कोणी आलं की मान खाली.

वजनाचं गणित

दिव्याचं वजन म्हणजे मुख्यतः सेलचं वजन, त्यामुळे आकडेमोड सोपी आहे. चांगला एलईडी, सगळा तोटा धरून, एका वॅटला साधारण १०० लुमेन देतो. रस्त्यासाठी ३०० लुमेन धरले तर तीन वॅट, चार तास चालवायचे तर १२ वॅट-तास. एका ३००० एमएएचच्या १८६५० सेलमध्ये (चार्ज होणारा, बोटाएवढा लिथियम सेल) ११ वॅट-तास मावतात आणि त्या सेलचंच वजन ४५ ते ५० ग्रॅम. त्यावर उष्णता बाहेर टाकायला धातूचं कवच, मग पट्टा. कपाळावरचा दिवा १०० ग्रॅमच्या पुढे गेला, डोक्यावरून तिसरी पट्टी घ्यावी लागली, खड्ड्यांत तो भुवयांवर घसरायला लागला.

मुक्कामाच्या कामांना २० लुमेन पुष्कळ होतात. म्हणजे जेमतेम पाव वॅट. रोज तीन तास लावला तरी पाऊण वॅट-तास. पेट्झलचा ‘बिंदी’ हा दिवा पट्ट्यासकट ३५ ग्रॅमचा आहे आणि त्याचा सेल ६८० एमएएचचा, म्हणजे अडीच वॅट-तासांचा. तीन संध्याकाळी निघाल्या. रस्त्याची जबाबदारी कपाळावरून काढून घेतली की हलका दिवा आपोआप पुरेसा होतो. हँडलवरचे शंभरेक ग्रॅम सायकल वाहते, मान नाही.

त्यामुळे हेडलॅम्प निवडताना खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा सोडा, सगळ्यात लहान बघा. पाच-दहा लुमेनचा मंद टप्पा आहे का? मधे ५० ते १०० चा आहे का? हे दोन असले की वरचे ४०० निव्वळ दुकानासाठी आहेत. खोक्यावर एफएल-१ (दिव्यांच्या मोजमापाचं एक प्रमाण) असं लिहिलेलं असेल तर ते आकडे कसे काढतात हेही माहीत असू द्या. लुमेन मोजतात दिवा लावल्यावर ३० सेकंदांनी, आणि ‘चालण्याचा वेळ’ धरतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे ‘४०० लुमेन, पाच तास’ यातले शेवटचे काही तास ५०-६० लुमेनचेही असू शकतात. झोताचं अंतर मोजतात ते पाव लक्सपर्यंत, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड उरेपर्यंत. तेवढ्यात खड्डा दिसत नाही. हँडलचा दिवा घेताना छापील १०० मीटर पाहून हुरळून जाऊ नये ते म्हणून.

लाल दिवा असावा का? असावा. अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात. पांढऱ्या दिव्याने ते एका क्षणात मातीमोल होतं, मंद लाल उजेडात बरंचसं टिकतं. किडेही लालवर कमी येतात, हे आमटीत एकदा पतंग पडला की पटतं. वेळास, आंजर्ले भागात कासवांच्या हंगामात किनाऱ्याजवळ मुक्काम असेल तर पांढरा दिवा वाळूकडे रोखूच नका, पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. फक्त एक पाहून घ्या: बटण दाबल्यावर लाल थेट लागतो, की पांढऱ्याचे तीन टप्पे पार करून? दुसरा प्रकार असेल तर तो लाल असून नसल्यासारखा.

मात्र रात्री झाडीत जायचं असेल तेव्हा लाल नको. कोकणातल्या जांभ्यावर फुरसं बसलेलं असतं ते वीतभर, हातभर लांबीचं, अंगावर मातकट पांढरट नक्षी, आणि पाय अगदी जवळ येईपर्यंत बरेचदा जागचं हलत नाही. मंद लाल उजेडात ते आणि वाळका पाचोळा एकच. तिथे पांढरा, पसरट, ५०-१०० लुमेनचा उजेड पायांपुढे दोन-तीन मीटरवर हवा. यासाठी दिव्याचं तोंड खाली कलतं व्हायला हवं. काही अतिहलक्या दिव्यांना ही बिजागरीच नसते, दहा ग्रॅमसाठी ती गाळलेली असते. असे दिवे मी घ्यायला सांगणार नाही.

आतल्या सेलचा की सुट्या सेलचा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. फोनसाठी पॉवर बँक नेताच ना? मग चार्जिंगचा घ्या. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास असतात, गळती धरूनही बिंदीसारखा दिवा दहा वेळा भरेल. रिमोटमध्ये घालतो ते बारीक सेल गावच्या किराणा दुकानात मिळतात हे खरं, पण तिथले स्वस्तातले बहुधा झिंक-कार्बनचे आणि लवकर मान टाकणारे. सुट्या सेलची खरी बाजू मनाली-लेह सारख्या थंडीत दिसते. एकदाच वापरायचे लिथियम सेल गोठणबिंदूच्या खूप खालीही काम करतात, साधे अल्कलाइन तिथे ढेपाळतात. चार्जिंगचा घेणार असाल तर दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावून दुकानातच चार्ज होतो का ते बघा. काही स्वस्त दिव्यांना भोक सी-टाइपचं असतं, पण आतला एक क्षुल्लक भाग वाचवल्यामुळे ते फक्त जुन्या चौकोनी टोकाच्या केबलनेच चार्ज होतात. मग त्या एका दिव्यासाठी वेगळी केबल बाळगा.

बटणाला कुलूप हवंच. नाहीतर पॅनियरमध्ये (कॅरिअरला टांगलेल्या पिशवीत) दाबला जाऊन दिवसभर जळतो आणि संध्याकाळी मेलेला निघतो. पाण्याचं फार मनावर घेऊ नका, हिवाळी सहलीला आयपीएक्स-४ (शिंतोड्यांना टिकण्याचा दर्जा) पुरतं.

हँडलच्या दिव्याबद्दल एकच इशारा: हँडलला पुढे गुंडाळी बांधणार असाल तर दिवा आधी घरीच अंधारात लावून बघा. तंबूची गुंडाळी बरोबर झोताच्या खालच्या निम्म्यात येते आणि चाकापुढचे पाच मीटर काळे पडतात. दिवा फोर्कवर नाहीतर गुंडाळीच्याही पुढे घ्यावा लागतो.

दोन्ही एकदम घ्यायला पैसे नसतील तर आधी हँडलचा बरा घ्या आणि कपाळाला स्वस्तातला काहीही बांधा. तळावर दिवा दगा देऊन गेला तर मोबाइलची टॉर्च पाण्याच्या बाटलीखाली ठेवून जेवता येतं, उतारावर ती सोय नाही.