भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला कुठून

कुठल्याही चौकात मान वर केली की भाऊ, दादा, अण्णा, साहेब सगळे हसत असतात आणि खाली उभे असलेले लोक म्हणतात, पुढाऱ्यांना मिरवायची हौस हल्ली फारच वाढलीय बघा. मला काही ते पटत नाही. हौस आधीपण तेवढीच होती, फक्त ती भिंतीवर होती. भिंतीवरून ती विजेच्या खांबावर कशी चढली हे बघायला गेलं तर त्यात एक निवडणूक आयुक्त, एक कायदा आणि एक प्रिंटिंग मशीन सापडतं.

ऐंशीच्या दशकापर्यंत प्रचार म्हणजे चुना, गेरू आणि नीळ. कार्यकर्ते रात्री बादल्या घेऊन निघायचे, मोक्याच्या भिंतीला आधी चुना फासून ती अडवून ठेवायचे, मग पेंटर येऊन पंजा नाहीतर कमळ काढणार आणि खाली ठसठशीत अक्षरात नाव. घरमालकाला विचारायची पद्धत नव्हतीच, सकाळी दार उघडून बाहेर आलं की कळायचं आपण यंदा कुठल्या पक्षाचे आहोत ते. रस्त्यावर आडवे टांगायचे बॅनर मांजरपाटाचे, आणि भोंगा लावलेल्या रिक्षातून "ताई माई अक्का, विचार करा पक्का". पेंटर लोकांना तेव्हा मान होता. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना तर अख्खा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतो, आणि एम. एफ. हुसेन सुरुवातीला मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. पण माणसाचा चेहरा हाताने काढायचा तर वेळ लागतो, पैसा लागतो, आणि तो नीट आला नाही तर पंचाईत! त्यामुळे भिंतीवर नाव आणि निशाणी एवढंच, चेहरा फक्त वरच्या मोठ्या नेत्याचा. वॉर्डातल्या कार्यकर्त्याला स्वतःचा चेहरा परवडायचाच नाही.

मग १९९० च्या डिसेंबरमधे टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले. आचारसंहिता त्याच्या आधीपण होती पण ती कागदावर, शेषननी ती अंगावर आणली, खर्चाचा हिशोब मागायला लागले, भिंती रंगवणं अवघड झालं. इकडे १९९५ मधे राज्याने मालमत्ता विद्रूपीकरणाला प्रतिबंध करणारा कायदा केला, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. भिंती खरंच स्वच्छ झाल्या, हे मान्य करायला पाहिजे. त्याच सुमाराला ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिका-नगरपालिकांना बळ आलं, महिलांना एक तृतीयांश आरक्षण आलं (२०११ पासून आपल्याकडे निम्मं), म्हणजे इच्छुक एकदम वाढले आणि त्यांना दिसायला जागा उरली नाही.

ती जागा दिली फ्लेक्सने. २००० नंतर गावोगावी मोठ्या प्रिंटिंगची मशीनं आली, कटिंग चहाच्या आसपासच्या पैशात स्क्वेअर फूटभर चेहरा मिळायला लागला, तोही रंगीत, गोरा करून. लाकडी फ्रेम ठोकायची, चारी कोपऱ्यांना तार, आणि संध्याकाळपर्यंत भाऊ चौकात. पाट्या रंगवणारे निम्मे पेंटर घरी बसले, ज्यांना जमलं ते कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं कोरल ड्रॉ शिकले.

आता त्या फ्लेक्सची रचना जरा नीट बघा, कारण सगळं राजकारण त्यात आहे. सगळ्यात वर महापुरुष, त्यांच्या खाली पक्षाचे मोठे नेते गोल गोल चौकटीत, मधे उत्सवमूर्ती पांढऱ्या शर्टात, एक हात फोनवर, आणि तळाला पासपोर्ट साइजच्या फोटोंची रांग, शुभेच्छुक. ही रांग फुकट नसते, बऱ्याच वेळा तिथल्याच लोकांनी वर्गणी काढून फ्लेक्स छापलेला असतो. नगरसेविकेच्या फ्लेक्सवर तिच्यापेक्षा मोठा फोटो तिच्या नवऱ्याचा असतो, त्यावर काय बोलणार. वरच्या रांगेत कोण बसणार हा तर गंभीर प्रश्न आहे. २०२२ मधे शिवसेना फुटली, २०२३ मधे राष्ट्रवादी, तेव्हा डिझाइन करणाऱ्या पोराला दर आठवड्याला फाइल बदलायला लागत असणार. शरद पवारांनी तर माझा फोटो वापरू नका म्हणून जाहीर सांगितलं, आणि ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०२४ च्या मार्चमधे कोर्टाने अजित पवार गटाला त्यांचा फोटो आणि नाव वापरण्यावरून सुनावलं. फोटोसाठी सुप्रीम कोर्ट!

आणि वाढदिवसच का? कारण उमेदवाराच्या खर्चाचा हिशोब सुरू होतो अर्ज भरल्यापासून. त्याच्या आधी तीन वर्षं दिलेल्या दिवाळीच्या, दहावीच्या निकालाच्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा कुठल्याच हिशोबात येत नाहीत. फ्लेक्स मतदारासाठी नसतोच मुळी. तो असतो तिकीट वाटणाऱ्यासाठी, साहेबांची गाडी त्या चौकातून जाणार असते म्हणून. "भावी नगरसेवक" हा अर्जच आहे, फक्त वीस फुटी. २०२२ मधे बहुतेक महापालिकांच्या मुदती संपल्या, प्रशासक बसले आणि निवडणुका लांबतच गेल्या, तेव्हा हे भावी लोक वर्षानुवर्षं भावीच राहिले, पण फ्लेक्स काही थांबले नाहीत. उलट वाढले.

कायदा काय करतो म्हणाल तर महापालिकेत आकाशचिन्ह विभाग म्हणून एक खातं असतं, परवानगी तिथून घ्यायची. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने ३१ जानेवारी २०१७ ला सविस्तर निकाल दिला, बेकायदा फलक काढा, गुन्हे नोंदवा, आणि पक्षांनी असे फलक लावणार नाही म्हणून हमीपत्रं दिली. २०२४ च्या नोव्हेंबरमधे त्याच हायकोर्टाने पक्षांना विचारलं की तुमच्यावर अवमानाची कारवाई का करू नये, यावरून काय ते समजा. फ्लेक्स उतरवायला शिडी लावणारा माणूस पालिकेचा आणि फोटोतला माणूस उद्या त्याच पालिकेच्या स्थायी समितीत, मग शिडी लागते ती ज्याला कोणी वाली नाही त्या क्लासवाल्याच्या नाहीतर बिर्याणीवाल्याच्या बोर्डला.

घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात पडलं आणि १७ जीव गेले ते होर्डिंग मात्र वेगळं, ते जाहिरातीचं, १२० बाय १२० फुटांचं. तेव्हा सगळीकडे तपासण्या झाल्या, लोखंडी सांगाडे उतरवले गेले. भाऊंच्या लाकडी फ्रेमकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, तिची नोंदच कुठे नसते तर तपासणार काय.