वजन उतरलं, मग घशाशी आंबट का येतं?

वजन कमी करण्यासाठी जठर लहान करायचं, म्हणजे स्लीव्हचं, ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालेलं असतं. वजन छान उतरलंय, गुडघे हलके झालेत. आणि रात्री दोन वाजता दचकून जाग येते, घशाशी आंबट पाणी, छातीत आग. मग दोन उशा, तीन उशा, शेवटी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. घरचे म्हणतात, "भजी खाल्लीस ना संध्याकाळी?" भज्यांचा वाटा असेलही थोडा. पण बऱ्याचदा कारण असतं जठराच्या बदललेल्या आकारात, आणि हे त्या माणसाला कुणीतरी नीट सांगायला हवं. जिभेवर ताबा नाही म्हणून त्याला बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. काढलेला वरचा फुगीर भाग जेवताना सैल पडून अन्नाला जागा करून द्यायचा. भूक चाळवणारं घ्रेलिन मुख्यतः तिथेच तयार होतं, म्हणून भूक मंदावते; हा फायदा खराच. पण नळी तशी सैल पडत नाही आणि तिच्या खालच्या टोकाची झडप पूर्वीसारखीच घट्ट असते. दोन घास जास्त झाले की आतला दाब वाढतो आणि वर अन्ननलिकेकडे वाट काढतो. तिथेही अडवणूक कमी झालेली असते. अन्ननलिका जठराला तिरकी मिळते आणि त्या कोनामुळे आम्ल वर यायला अडथळा होतो. कापलेली कड पिनांनी बंद करतात ती स्टेपलची रेघ या कोनाजवळून जाते, त्यामुळे तो बोथट होऊ शकतो.

त्यात हायटस हर्नियाची भर. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटलाचा पडदा असतो. अन्ननलिका ज्या भोकातून खाली उतरते ते सैल झालं, की जठराचा वरचा भाग छातीत सरकतो. लठ्ठपणात पोटातल्या दाबामुळे असा हर्निया अनेकदा आधीपासूनच असतो. स्लीव्ह करताना जठराच्या कडेची चरबीची झालर सोडवावी लागते, आणि मोकळी, बारीक नळी वर सरकायला सोपी. म्हणून ऑपरेशनच्या वेळी हर्निया दिसला तर जठर खाली ओढून ते भोक टाक्यांनी आवळतात. हे टाके पुढे सैल पडू शकतात.

फिनलंडमध्ये २००८ ते २०१० या काळात २४० जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून काहींना स्लीव्ह, काहींना जठराचा बायपास केला, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली. दहा वर्षांनी दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या गटात ३१ टक्के आणि बायपासच्या गटात ७ टक्के निघाला. बायपासमधल्या इवल्याशा पिशवीत आम्ल फार थोडं तयार होतं आणि पित्त बरंच खाली जोडलेलं असतं. आधीपासून जळजळ असणाऱ्याला सर्जन सहसा बायपास सुचवतात ते यामुळेच. स्लीव्हनंतर गोळ्यांनीही भागेना, तर तिचं बायपासमध्ये रूपांतर करता येतं.

तेव्हा ऑपरेशन ठरवण्याआधी दुर्बिणीची तपासणी मागून घ्या. नंतरही, त्रास नसला तरी, एक वर्षाने ती करावी, कारण दाह कधीकधी मुकाट वाढतो. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास आटपायचं, डाव्या कुशीवर झोपायचं. मात्र घास अडकायला लागला, काळी शौच झाली, किंवा अचानक छातीत-पोटात कळ येऊन उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.