व्यायाम, स्क्रीन, झोप: दोन तासांचा आकडा आला कुठून?

टीनएजर पोरांचा फिटनेस हा विषय निघाला की हल्ली तीन आकडे पाठ म्हटल्यासारखे येतात, रोज ६० मिनिटं व्यायाम, २ तासांच्या आत स्क्रीन आणि ८ ते १० तास झोप. तिन्ही एका दमात म्हटले जातात म्हणून एकाच वेळी ठरले असतील असं वाटतं, पण तसं नाहीये.

जुनं थोडक्यात सांगतो. १९५०च्या दशकात अमेरिकन मुलं युरोपातल्या मुलांपेक्षा खूप जास्त प्रमाणात एका शारीरिक चाचणीत नापास झाली आणि १९५६ मध्ये थेट राष्ट्राध्यक्षांनी त्यासाठी समिती नेमली. चाचणी काय होती तर पाठीवर झोपून उठून बसणं, गुडघे न वाकवता जमिनीला हात लावणं असलं काहीतरी, दमसास त्यात मोजलाच नव्हता. दमसास मोजायची सोपी पद्धत १९८०च्या दशकात आली, २० मीटरवर दोन रेषा, बीप वाजायच्या आत पलीकडे पोचायचं, दर मिनिटाला वेग थोडा वाढतो आणि पोरं एकेक करून गळत जातात. फिटनेस घसरलाय असं जे म्हणतात ते बरंचसं याच टेस्टच्या जगभरातल्या निकालांवरून, आणि त्यातली मोठी घसरण स्मार्टफोन यायच्या आधीचीच आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

व्यायामाचा आकडाही बदलत आलाय. १९९४ मध्ये किशोरांसाठी आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं तरी, दम लागेल असं काहीतरी करा असं ठरलं होतं, नंतर रोज ६० मिनिटं झालं आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आठवडाभरात रोजची सरासरी ६० मिनिटं असं केलं. म्हणजे रविवारी भरपूर खेळून सोमवारी कमी खेळलं तरी चालतं.

आता खरा घोळ, स्क्रीनचे २ तास. १९८५ मध्ये टीव्ही आणि लठ्ठपणाचा संबंध दाखवणारा एक अभ्यास गाजला, मग २००१ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी दिवसाला १ ते २ तास अशी मर्यादा सांगितली. तेव्हा स्क्रीन म्हणजे मुख्यतः हॉलमधला टीव्ही, खिशातला फोन नव्हे. कॅनडाने २०११ मध्ये २ तास घेतले, पण फक्त करमणुकीचे, अभ्यासाचे त्यात धरायचे नाहीत, आणि २०१६ मध्ये व्यायाम, बसणं, झोप असं २४ तासांचं एकच वेळापत्रक काढलं त्यातही तो आकडा तसाच राहिला. गंमत बघा, त्याच २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी मोठ्या मुलांसाठीचा २ तासांचा आकडा सोडून दिला आणि प्रत्येक घराने आपला प्लॅन करावा असं म्हटलं. २०२० च्या जागतिक शिफारशीतही आकडाच नाही, नुसतं कमी करा, कारण नेमकी रेघ ओढण्याइतका पुरावा नाही असं त्यांचं म्हणणं. मला हे प्रामाणिक वाटतं, पण आईबापांना 'कमी करा' म्हणून काय कळणार, त्यामुळे जुना आकडाच तोंडात राहिला. आणि २०२० मध्येच शाळा घरी आल्या, मग अभ्यासाचा स्क्रीन कुठला आणि करमणुकीचा कुठला, एकाच टॅबलेटवर ब्राउझरच्या एका टॅबमध्ये वर्ग आणि दुसऱ्यात गेम, हे मोजणार कोण?

२४ तासांच्या हिशोबाचा फायदा एवढाच की एक वाढलं की दुसरं कुठेतरी कापलं जातं हे त्यात दिसतं. स्क्रीन वाढला तर त्याचे तास खेळातून गेले की झोपेतून, यावर बरंच काही अवलंबून असतं. दमसासाच्या बाबतीत सगळ्यात पक्का संबंध दिसतो तो जोरकस हालचालीचा, धाप लागेल अशा. नुसत्या स्क्रीनच्या तासांचा संबंध त्यामानाने कमजोर आहे, पण ओरड सगळी स्क्रीनचीच.

झोप सगळ्यात उशिरा या यादीत आली. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा लागते, हे १९९०च्या दशकात बऱ्यापैकी स्पष्ट झालं होतं, तरी तो आळस किंवा मोबाईलचा दोष मानला जातो. २०१४ मध्ये अमेरिकेत माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नका अशी शिफारस झाली, कॅलिफोर्नियाने मोठ्या मुलांच्या शाळांसाठी तसा कायदा केला, तो २०२२ पासून लागू आहे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठीच्या २०१९ च्या जागतिक शिफारशीत झोपेचे तास आहेत, किशोरांसाठीच्या २०२० च्या शिफारशीत मात्र ते नाहीतच.