बोलका टॅब फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

बोलका टॅब म्हणजे बोलता न येणाऱ्या मुलाने चित्राचं बटण दाबलं की त्याच्यासाठी शब्द बोलणारा टॅब. ‘केंद्रातली थेरपी बंद पडली तर आमच्या पोराच्या टॅबचं काय?’ हा प्रश्न आमच्या दुकानाच्या काउंटरवर वारंवार येतो. टॅब चालूच राहील. पण त्यातल्या शब्दांची प्रत, म्हणजे बॅकअप, तुमच्या हातात आहे का, ते आजच बघा.

सगळ्यात जास्त नुकसान एका गोष्टीने होतं. मुलाने चुकीचा पॅटर्न दाबून दाबून टॅब लॉक होतो आणि घरचे तो जवळच्या मोबाइलवाल्याकडे नेतात. तो फॅक्टरी रीसेट मारून देतो, म्हणजे टॅब नव्यासारखा कोरा करतो. त्याची चूक नाही, त्याच्या लेखी तो साधा टॅब. पण त्यात पानं, फोटो, रेकॉर्ड केलेले आवाज, सगळं पुसलं जातं. मराठी आवाजाचा डेटाही जातो, म्हणून अ‍ॅप पुन्हा टाकलं तरी चित्र दाबल्यावर टॅब गप्प राहतो किंवा भलतंच वाचतो. वर तो जुनं गुगल खातं मागतो. पासवर्ड आठवत नसेल तर काम तिथेच अडतं. दोनशे बटणांचा संच पुन्हा उभा करायला आमचे दोन दिवस जातात, आणि तेवढे दिवस मुलाला पाणीसुद्धा मागता येत नाही.

म्हणून पॅटर्न काढूनच टाका. मूल अ‍ॅपबाहेर जाऊ नये यासाठी सेटिंगमध्ये ‘अ‍ॅप पिनिंग’ चालू करा. दर महिन्याच्या १ तारखेला अ‍ॅपच्या सेटिंगमधून बॅकअप घ्या आणि ती फाइल घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवा. टॅबमध्येच ठेवलेली फाइल रीसेटमध्ये टॅबबरोबरच जाते. फाइल ० केबी दाखवत असेल तर बॅकअप झालेलाच नाही. थेरपिस्टच्या लॅपटॉपवर तुमच्या मुलाचा संच असेल, तर त्या तिथे आहेत तोवर मागून घ्या. खात्याचं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून घरच्या फाइलमध्ये ठेवा.

बॅकअप घेताना शब्दही तपासा. मशीनचा आवाज ‘मला पाणी पाहिजे’ म्हणतो, घरात आजी अहिराणीत ‘माले पानी जोयजे’ म्हणते. अशी बटणं त्याच वयाच्या चुलतभावाच्या किंवा बहिणीच्या आवाजात रेकॉर्ड करा. कळण्याच्या भाकरीचा फोटो इंटरनेटवरून घेऊ नका, आपल्या ताटातली भाकरी काढा. नवीन बटण जोडा, पण जुन्याची जागा हलवू नका. मुलाचा हात जागा लक्षात ठेवतो. बटण हलवलं की शिकलेलं मोडतं.

मे महिन्यात आपल्या खानदेशात पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी टॅब चार्जिंगला लावू नका, गाडीच्या डिकीत ठेवू नका, बॅटरी फुगते. वीज नसेल तेव्हासाठी १२ चित्रांचा ए-फोर तक्ता घरात हवाच. लॅमिनेट करताना कागदाबाहेर चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर प्लॅस्टिक सोडा. कडेला कापलं तर लाळ आत शिरते आणि शाई पसरते. चकचकीत प्लॅस्टिकवर उजेड चमकतो, म्हणून मॅट घ्या.

सेटिंगचे पैसे वेगळे का, असं विचारतात. टॅब ऑनलाइन स्वस्त मिळाला तर खुशाल तिथून घ्या. आम्ही पैसे घेतो ते मुलासोबत बसून शब्द निवडण्याचे, आणि ते एका बैठकीत होत नाही. आमच्याकडे संच करून घेतलेल्यांच्या बॅकअपची एक प्रत आम्ही दुकानात जपतो, मॅट तक्ता त्यातच येतो.

थेरपीसाठी केंद्रात लेखी अर्ज करा, तोंडी बोलणं विसरलं जातं. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये संवादाच्या व्याख्येतच वाचेला पूरक आणि पर्यायी साधनं धरलेली आहेत. अर्जात तसं लिहा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल तर केंद्र सरकारच्या निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीही येते.

दुकानात येताना टॅब, चार्जर आणि बॅकअप असलेला फोन आणा. चोपडा, शिरपूर, नवापूरकडून येणाऱ्यांनी आधी फोन करावा, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. टॅब लॉक झाला असेल तर कोणालाही रीसेट करू देऊ नका, तसाच घेऊन या.