जे घडत नाही त्यावरून कणांची प्रतवारी

सांगली-साताऱ्याकडच्या अकरावी-बारावीच्या मुलांना इलेक्ट्रॉनचे चार क्वांटम अंक तोंडपाठ असतात. कणभौतिकीत त्यांत बेरिऑन अंक, स्ट्रेंजनेस, आयसोस्पिन (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या जवळजवळ सारख्या कणांना एका कुटुंबात मोजणारा अंक) अशी भर पडते आणि गोंधळ सुरू होतो, कारण हे अंक मोजणारं कुठलंच उपकरण नाही. तासगावचा बेदाणा रंग, आकार आणि डाग बघून निवडता येतो. लॅम्डा या अल्पायुषी कणावर बघण्यासारखं काहीच नसतं. त्याची प्रत ठरते ती तो काय करत नाही यावरून.

प्रोटॉनचंच घ्या. त्याचं पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन प्रतिकण) आणि उदासीन पायॉन या हलक्या कणामध्ये विघटन व्हायला ऊर्जेची अडचण नाही, विद्युतप्रभारही जुळतो. तरीही हे आजवर कुणाला दिसलेलं नाही. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर याचा शोध घेतला गेला. जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगानुसार या मार्गाने प्रोटॉनचं आयुष्य निदान १०³⁴ वर्षं तरी असलं पाहिजे. म्हणून प्रोटॉनला बेरिऑन अंक १, पायॉन आणि पॉझिट्रॉनला ०, आणि ही बेरीज बदलत नाही असा नियम.

स्ट्रेंजनेसची गोष्ट जास्त मजेची आहे. ऋण पायॉन प्रोटॉनवर आदळला की धन केऑन आणि ऋण सिग्मा हे दोन कण तयार होतात. मग ऋण केऑन आणि धन सिग्मा का होऊ नयेत? प्रभार जुळतो, बेरिऑन अंक जुळतो. वस्तुमानाचीही सबब चालत नाही: घडणाऱ्या जोडीचं वस्तुमान सुमारे १६९१ एमईव्ही (कणांचं वस्तुमान सांगण्याचं ऊर्जेचं एकक), न घडणारीचं १६८३, म्हणजे उलट कमीच. तरीही ही जोडी होत नाही. १९५३च्या सुमारास गेल-मान आणि निशिजिमा या भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तोडगा काढला: धन केऑनला +१, दोन्ही सिग्मांना आणि ऋण केऑनला −१ स्ट्रेंजनेस द्या. पहिल्या जोडीची बेरीज ०, दुसरीची −२. सुरुवातीला ० होता, म्हणून दुसरी बाद.

कागदावर हिशेब मांडताना मुलं हमखास चुकतात ती इथे: बेरीज जुळली नाही की प्रक्रिया अशक्य म्हणून मोकळी होतात. लॅम्डाचं (स्ट्रेंजनेस −१) प्रोटॉन आणि ऋण पायॉनमध्ये (०) विघटन होतंच. फक्त ते प्रबल बलाला (अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या) जमत नाही, क्षीण बलाला (बीटा किरणोत्सर्गामागच्या) जमतं, आणि क्षीण बल स्ट्रेंजनेस एका वेळी एकनेच बदलतं. प्रबल बलाचं काम १०⁻²³ सेकंदात आटोपतं, लॅम्डा २.६ × १०⁻¹⁰ सेकंद तगतो. तेवढ्यात तो काही सेंटिमीटर जातो, म्हणून बबल चेंबरच्या (कणांचे माग बुडबुड्यांनी दाखवणाऱ्या द्रवाच्या टाकीच्या) छायाचित्रात टकरीपासून थोडं अंतर सोडून अचानक इंग्रजी व्हीसारखी खूण उमटते. तेव्हा आधी बल ठरवा, मग बेरीज करा.

दुसरा खड्डा चिन्हाचा. स्ट्रेंज क्वार्कचा (लॅम्डासारख्या कणांच्या आतला घटक) स्ट्रेंजनेस −१ असतो, +१ नव्हे. चिन्हं क्वार्कच्या कल्पनेआधीच ठरली होती. गैरसोयीची आहेत, पण आता कोण बदलणार! तिसरी चूक उदासीन केऑनची. प्रभार शून्य म्हणजे कण आणि प्रतिकण एकच, असं इथे नाही. एकाचा स्ट्रेंजनेस +१, दुसऱ्याचा −१.

हे अंक एका सूत्रात बसतात: प्रभार = आयसोस्पिनचा तिसरा घटक + (बेरिऑन अंक + स्ट्रेंजनेस) ÷ २. ओमेगा ऋण या कणासाठी ताळा करून बघा: ० + (१ − ३) ÷ २ = −१. हा कण सापडण्याआधीच, १९६२ मध्ये, त्याचे अंक आणि अंदाजे वस्तुमान सांगून झालं होतं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ऋण केऑन प्रोटॉनवर सोडल्यावर तो धन केऑन आणि उदासीन केऑनसोबत मिळाला (−१ = −३ + १ + १), वस्तुमान सुमारे १६७२ एमईव्ही. प्रबल बलाने फुटायचं तर −३ स्ट्रेंजनेस सांभाळत त्याला क्साय (−२) आणि केऑन (−१) व्हावं लागलं असतं. त्या दोघांचं वस्तुमान १८०० एमईव्हीच्या वर जातं, एवढी ऊर्जा त्याच्याकडे नाही. म्हणून तोही क्षीण बलाची वाट बघत ०.८ × १०⁻¹⁰ सेकंद टिकतो.