जांग, मठ आणि मिशेलिन: सोलच्या टेस्टिंग मेन्यूची पार्श्वभूमी

सोलच्या गंगनाम भागातल्या 'मिंगल्स'मध्ये जेवणाच्या शेवटी जे गोड येतं, त्यात द्वेनजांग (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेलं क्रेम ब्रूले हे फ्रेंच कस्टर्ड, गान्जांगमधले (सोया सॉसमधले) पेकान, गोचुजांग (मिरचीचं जांग) लावलेलं कुरकुरीत धान्य आणि व्हॅनिला आइस्क्रीम असतं. शेफ कांग मिन्गू यांनी २०१४मध्ये हे रेस्तराँ काढलं. २०२५मध्ये त्याला मिशेलिन या फ्रेंच रेस्तराँ-मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे तिचा सर्वोच्च मान, मिळाले. कोरियात पूर्वापार असंच जेवत असतील, असं पाहुण्याला सहज वाटावं. पण पूर्वापार आहे ते फक्त आंबवणं, आणि तेही मध्यंतरी बरंच मोडीत निघालं होतं.

जांग म्हणजे सोयाबीन आंबवून केलेले हे सगळे प्रकार. 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथात इ.स. ६८३ची नोंद आहे: राजा सिनमुनच्या लग्नात वधूच्या घरी गेलेल्या जिनसांत तांदूळ, मध, तेल, दारू यांच्याबरोबर जांगही होतं. थंडीच्या तोंडावर सोयाबीन उकडून, कुटून त्याच्या विटा थापतात. या 'मेजु' भाताच्या पेंढ्याने बांधून टांगल्या की पेंढ्यातले जिवाणू आणि हवेतली बुरशी त्यात शिरते, वेगळं विरजण लागत नाही. मग ओंग्गी या मातीच्या रांजणात मिठाच्या पाण्यात त्या बुडवायच्या, वर कोळसा आणि सुक्या लाल मिरच्या सोडायच्या. दीड-दोन महिन्यांनी पाणी वेगळं काढलं की ते गान्जांग, म्हणजे सोया सॉस. उरलेला लगदा कुस्करून पुन्हा मुरवला की द्वेनजांग. जपानी सोया सॉसमध्ये बहुधा गहूही असतो. इथे जुन्या पद्धतीत निव्वळ सोयाबीन, त्यामुळे वास उग्र.

गोचुजांग त्या मानाने धाकटं. पोर्तुगिजांमुळे मिरची गोव्यात आली त्याच सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती कोरियात पोचली, असं मानतात. आता ती मूळची तिथली नाही हे सांगितलं तर, आपल्यासारखंच, कोरियन माणसालाही खरं वाटणार नाही.

टेस्टिंग मेन्यूतली, थोडे थोडे पदार्थ एकामागून एक वाढण्याची रीत मात्र युरोपातून आलेली. जोसन राजघराण्याच्या काळातल्या घरंदाज जेवणात भात, सूप, किमची (आंबवलेल्या भाज्या), जांगच्या वाट्या आणि भाज्या एकदमच मांडल्या जात.

मोडतोड झाली ती विसाव्या शतकात. जपानी राजवटीत (१९१० ते १९४५) जपानी धाटणीचे सॉसचे कारखाने आले. पुढे आम्लाने प्रथिनं फोडून झटपट होणारा स्वस्त सॉस घरोघर पोचला. दारू हेही आंबवणंच; ती घरी करण्यावर वसाहतकाळात आलेली बंदी १९९५पर्यंत टिकली. शिवाय धान्यटंचाईमुळे १९६५मध्ये तांदळाची दारू करायलाच सरकारने मनाई केली, तेव्हा माकगल्ली ही एरवीची तांदळाची दारू गव्हाच्या पिठाची होऊ लागली. आणि शहरं उंच वाढली. रांजणांना ऊन-वारा लागतो, मोकळं अंगण लागतं. सदनिकेत ते कुठून आणणार? १९९५नंतर किमचीसाठीचे खास फ्रीज लोकप्रिय झाले, तो याच अडचणीवरचा तोडगा.

विद्या टिकली ती शहराच्या स्वयंपाकघरांबाहेर. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातल्या शेवटच्या सेविकांपैकी हान हुई-सुन यांच्याकडून ह्वांग हे-सोंग शिकल्या आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दरबारी पाककलेला सरकारी वारशाचा दर्जा मिळाला. बौद्ध मठांत कांदा-लसूण वर्ज्य, त्यामुळे चवीचा सगळा भार जांगवरच. बेक्यांगसा मठातल्या भिक्षुणी जोंग क्वान यांच्याकडे आज मोठमोठे शेफ शिकायला जातात; कांग मिन्गूही गेले. २००९मध्ये सरकारने कोरियन जेवण जगभर नेण्याची मोहीम काढली, त्याच वर्षी सोलमध्ये 'जुंगसिक' हे रेस्तराँ उघडलं आणि २०१६च्या अखेरीस मिशेलिनची पहिली सोल आवृत्ती आली. माझ्या मते मोहिमेपेक्षा या भिक्षुणी आणि म्हाताऱ्या बायकांचं श्रेय मोठं. युनेस्कोने किमजांगला, म्हणजे सगळ्यांनी मिळून किमची घालण्याच्या प्रथेला, २०१३मध्ये आणि जांग करण्याच्या परंपरेला २०२४मध्ये वारसा-यादीत घेतलं.

नोव्हेंबर २०१७मध्ये ट्रम्प यांच्यासाठीच्या शाही मेजवानीत ३६० वर्षं जुन्या गान्जांगात मुरवलेलं मांस होतं. 'अमेरिकेपेक्षा जुना सॉस' अशा बातम्या झाल्या. तो दाम्यांगच्या की सुन-दो यांच्या सासरच्या घराण्यातला. अशा जपलेल्या रांजणात दरवर्षी थोडं नवं गान्जांग ओततात. वय त्या अखंड चालत आलेल्या रांजणाचं, प्रत्येक थेंबाचं नव्हे. मेन्यूकार्डावर शंभर-दोनशे वर्षांचे आकडे दिसले तर ते याच हिशोबाने वाचावेत.