अंदाज चुकतो तेव्हाच मजा येते

२४ मार्च १९२३. नॉर्वेतल्या 'आफ्तनपोस्तन' या दैनिकाच्या पहिल्या पानावर मथळा झळकला : 'बर्गनची गाडी रात्री लुटली!' ईस्टरची सुट्टी तोंडावर आलेली, डोंगरातून बर्गन शहराकडे जाणाऱ्या त्याच आगगाडीने कितीतरी घरची माणसं निघायची. वाचणाऱ्यांच्या काळजात धस्स झालं. पण ती बातमी नव्हतीच. नूर्दाल ग्रीग आणि निल्स ली या दोन तरुणांनी टोपणनावाने लिहिलेल्या कादंबरीची ती जाहिरात होती, आणि मथळा म्हणजे पुस्तकाचं नाव!

तेव्हापासून नॉर्वेत ईस्टर आणि रहस्यकथा यांची जोडी जमली ती आजतागायत. त्याला नावही आहे, 'पोस्केक्रिम'. दुकानं बंद, बाहेर बर्फ, डोंगरातलं लाकडी घर, पिशवीत संत्री, चॉकलेट आणि खुनाची गोष्ट. या दिवसांत दुधाच्या खोक्यावरसुद्धा छोटी चित्रमय रहस्यकथा छापलेली असते. नाश्त्याला दूध ओतता ओतता चोर शोधायचा. आपल्याकडे दिवाळी अंक हाती आला की आधी रहस्यकथेचं पान काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण सुट्टीतच का? मला वाटतं, रहस्यकथेला सलग वेळ लागतो आणि बिनघोर मनही लागतं. अमेरिकेत जॉर्जिया टेक या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून थरारपटांतले प्रसंग दाखवले आणि पडद्याच्या कडेला काळ्या-पांढऱ्या चौकटी लुकलुकत ठेवल्या. प्रसंगातला ताण वाढला की त्या चौकटींची मेंदू घेत असलेली दखल कमी व्हायची आणि लक्ष मधल्या चित्रावर एकवटायचं. ताण उतरला की कडा पुन्हा दिसू लागायच्या. 'पुस्तकात डोकं घातलं की हाक मारली तरी ऐकू येत नाही' असं आई करवादायची, ते आठवलं.

मला याहून आवडतो तो कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठातला २००९चा अभ्यास. विद्यार्थ्यांना सामान्य ज्ञानाचे प्रश्न दाखवले. आधी मनात उत्तराचा अंदाज करायचा, मग कुतूहल किती आणि खात्री किती ते सांगायचं, आणि शेवटी खरं उत्तर पाहायचं. कुतूहल जास्त असलेल्या प्रश्नांच्या वेळी मेंदूतला 'कॉडेट' नावाचा भाग अधिक सक्रिय होत होता. बक्षीस मिळणार अशी चाहूल लागली की हाच भाग जागा होतो. गंमत पुढेच आहे. काहीच कल्पना नसेल तर कुतूहल कमी, पक्की खात्री असेल तरीही कमी; अर्धवट माहीत असेल तेव्हा ते सर्वांत जास्त. आणि ज्या प्रश्नांबद्दल कुतूहल जास्त होतं, त्यांत अंदाज चुकला असेल तर खरं उत्तर दहा-पंधरा दिवसांनंतरही जास्त चांगलं लक्षात राहिलं.

चांगला रहस्यकथालेखक नेमकं हेच करतो. एक धागा देतो, एक लपवतो, आपल्याला त्या अर्धवट जागी शंभर-दोनशे पानं खिळवून ठेवतो. 'हा मामाच असणार!' असं आपण छातीठोकपणे म्हणतो आणि शेवटी खुनी भलताच निघतो. फसल्याचा तो आनंद मला अजूनही अपूर्व वाटतो.

एका मे महिन्यात गावच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची शेवटची चार पानं फाटलेली निघाली. मी आणि मावसभावाने संध्याकाळभर ओसरीवर बसून खुनी ठरवायचा प्रयत्न केला, वेळापत्रक मांडलं, घराचा नकाशा काढला. जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ साली मांडलं होतं की कुतूहल म्हणजे आपल्याला ठाऊक असलेलं आणि हवं असलेलं यांतली फट, आणि ती बुजेपर्यंत मनाला चैन पडत नाही. त्या रात्री आम्हाला खरंच झोप लागली नाही.

खऱ्या गुन्ह्यांच्या कथा, पॉडकास्ट आणि मालिका याच फटीवर चालतात. त्यांचा ओढा स्त्रियांना जास्त असल्याचं २०१०च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, आणि बळी पडणारी व्यक्ती कशी निसटली हे सांगणारं पुस्तक त्यांनी अधिक निवडलं. जीव वाचवायची युक्ती शिकण्याची ती धडपड असावी असं संशोधकांना वाटलं, आणि मला ते पटतं.

तरी इथे एक फरक आहे. कादंबरीत माझा अंदाज चुकला तर मामा सुटतो आणि मी खूश होते. खऱ्या प्रकरणात मी चुकीच्या माणसावर बोट ठेवलं तर तो माणूस कुठेतरी राहत असतो, त्याची मुलं शाळेत जात असतात. उत्तराचं पान तिथे असेलच असंही नाही. म्हणून सुट्टीत मी खऱ्या गुन्ह्यांपैकी निकाल लागलेले खटलेच ऐकते. अंदाज बांधण्याची हौस भागवायला कपाटात कादंबऱ्या आहेत. या दिवाळीसाठी तीन बाजूला काढून ठेवल्यात, आणि तिन्हींची शेवटची पानं शाबूत आहेत हे आधीच पाहिलंय.